बुरखेवाला पैलवान

(सांगली, १९४६. एका फिरत्या कुस्ती-कंपनीचा तंबू, दुपारचा तीनचा खेळ. बायकांच्या बाजूला चटईवर दोघी शेजारी बसल्या आहेत. एक त्रिशला, हळदीच्या पेठेतल्या जैन व्यापाऱ्याची बायको, कंपनीची रोजची गिऱ्हाईक. दुसरी माणदेशातून आलेली राहीबाई. हिने मांडीवरचं गाठोडं अजून खाली ठेवलेलं नाही.)

त्रिशला : ...आणि तो बुरखेवाला आला की मात्र गप्प बसायचं नाही, अक्का. सगळ्यांनी मिळून हुर्यो करायची. मी काल इतकी ओरडले, घरी गेल्यावर सासूबाई विचारतात, घसा कशानं बसला? म्हटलं, बस्तीत स्तोत्र म्हणत होते.

राहीबाई : त्यो कवा येतो?

त्रिशला : शेवटी. आधीच्या दोन जोड्या झाल्या, आता त्याचीच पाळी. कंपनीचा आज शेवटचा खेळ, म्हणून गर्दी बघा कशी.

राहीबाई : तोंड दिसतं का त्येचं?

त्रिशला : डोळे आणि ओठ तेवढे. बाकी काळं कापड, पार मानेपर्यंत. तुम्ही एकट्याच आलात?

राहीबाई : गावचा धुळा हाय संगं. मेंढरं घिऊन बाजारला येतो. तकडं बाप्यांत बसलाय. त्यानंच सांगितलं मला.

त्रिशला : काय सांगितलं?

राहीबाई : काय न्हाई. कुस्ती लय चांगली आसती म्हनला.

त्रिशला : असतेच. आमच्यात लोक नाकं मुरडतात मला. त्रिशला, पाण्यातला जीव मरू नये म्हणून पाणी गाळून पितेस, आणि माणसानं माणूस आपटला की टाळ्या पिटतेस! काय करू? दोघे भाऊ तालमीतले. त्यांचं दूध मी आटवायचं, लंगोट मी वाळत घालायचे, आणि फडात मात्र बाईनं पाऊल टाकायचं नाही. ह्या कंपनीनं बायकांना बसायला जागा केली आणि माझं नशीब उघडलं. शिवाय खेळ तीनचा. दिवस मावळायच्या आत घरी जेवायला हजर.

मदन : बायकांनो, पडद्याच्या पुढं सरकायचं नाही! मूल असंल तर मांडीवर घ्या. शिस्त म्हणजे शिस्त!

राहीबाई : ह्ये कोन?

त्रिशला : मदन. कंपनीचा माणूस. तिकिटं हाच फाडतो, घंटाही हाच वाजवतो. अय्यो, आला बघा, आला! हुर्योऽऽ! तोंड लपवून काय येतोस, चोरा! ओरडा की, अक्का!

राहीबाई : ऱ्हाऊ द्या.

त्रिशला : राहू द्या कसं? पापी माणूस आहे तो. काल हंबीर पैलवानाच्या दंडाला कडकडून चावला. हलकटा! बायकोनं घरातनं हाकललं काय रे तुला?

राहीबाई : न्हाई हाकललं.

त्रिशला : आँ?

राहीबाई : बाई, शिव्या नगासा घालू. आमचं मालक हायती त्ये.

त्रिशला : कोण? हा? ...अय्यो. अक्का, चुकले हो. मला काय ठाऊक!

राहीबाई : मला तरी कुटं ठावं हुतं? धुळा म्हनला, वैनी, शड्डू ठोकायची रीत तीच हाय. मी त्येलाच याड्यात काढला. आता बघितलं. दोरीखालनं वाकताना मानंला हात लावला बघा. पलटनीतनं आल्यापासनं वाकलं की हात तितंच जातो त्यांचा.

त्रिशला : मानेला काय झालंय?

राहीबाई : इटलीत हुते लढाईला. गोळा फुटला आन् मनका सरकला. डागदर म्हनला, जगलास ह्येच लय झालं. पर ही मान पुन्ना आपटली तर हात-पाय लुळं पडतील, जलमभर हातरुनात. माझ्या म्होरं म्हनला त्यो. ह्या कानांनी ऐकलंय मी. आन् आता बघा की, नाचत्यात कसं!

त्रिशला : मग घरातनं सोडलंत कशाला?

राहीबाई : सांगलीत हळदीच्या वखारीवर रखवालदार हाय म्हनून सांगत्यात. येताना पिशवीभर हळद आनत्यात, खरं वाटावं म्हनून. मी इचारलं, वखारीत ऱ्हानाऱ्याच्या कापडाला तेलाचा वास कसा? तर म्हनले, गाड्यांच्या चाकास्नी वंगन घालतो. आन् मी खुळी, खरं धरून बसले.

त्रिशला : म्हणजे बुरखा तुमच्यापासनं लपायला?

राहीबाई : दुसरं कुनापासनं? शिंगनापूरच्या महादेवाम्होरं बेल उचाललाय त्यांनी, की आता जलमात मातीत उतरनार न्हाई.

त्रिशला : पण अक्का, इथं माती कुठाय?

राहीबाई : म्हंजी?

त्रिशला : फळ्या आहेत त्या. वर काथ्याची गादी, त्यावर जाजम. मातीचा खडादेखील नाही.

राहीबाई : आगं आई! म्हंजी ह्ये देवाजवळ सुटले, आन् फसले काय ती मीच! पर बाई, माती पोटात घेती मानसाला. फळी काय घेती?

त्रिशला : थांबा, डोळे पुसा आधी. कान इकडे करा. कुणाला सांगायचं नाही हं. ही नुरा आहे.

राहीबाई : कोन नूरा? त्यो समोरचा? मुसलमान गडी हाय का?

त्रिशला : नाव नव्हे हो! नुरा म्हणजे लटकी कुस्ती. कोण जिंकायचं, कोण पडायचं, दोघांनी आधीच ठरवलेलं असतं. मी तीन दिवस बघतेय, अक्का. तीन दिवस तोच चावा, तोच डाव आणि तेच पडणं. पहिल्या दिवशी मी रडले होते. दुसऱ्या दिवशी कळलं, म्हटलं अरेच्चा! तरी आले काल. आजही आले. ठाऊक असलं तरी बघावंसं वाटतं, काय करता!

राहीबाई : आमचं मालक ठरवून पडत्यात?

त्रिशला : होय.

राहीबाई : न्हाई पडायचं. तुमास्नी ठावं न्हाई. म्हसवडच्या जत्रंत तीन वर्सं पाठीला माती लागली न्हाई त्यांच्या. हलगी लावून गावात आनलं हुतं, मी माडीवरनं बघितलंय. आन् हितं रोज ठरवून पडायचं? लोकांच्या शिव्या खायाच्या?

त्रिशला : अहो, ठरवून पडतात म्हणून तर मान जागेवर आहे! तुम्हाला धडधाकट नवरा हवा, की म्हसवडचा पैलवान?

राहीबाई : धडधाकट. धडधाकट पायजे मला. पडू द्यात. रोज पडू द्यात.

त्रिशला : मग बघा, मी सांगते तसंच होतं की नाही. घंटा झाली. आता बुरखेवाला पंचाची नजर चुकवून चावणार.

राहीबाई : चावले! खरंच चावले की वं!

त्रिशला : आता पोटरीला लाथ.

राहीबाई : मारली!

त्रिशला : बघा! आता हा दोरीला टेकणार, तोंडावर हात घेणार. मग हंबीर पैलवान त्याला डोक्यावर उचलतो, दोनदा गरगर फिरवतो आणि अलगद पाठीवर सोडतो. तुमचे मालक हनुवटी छातीला लावून पडतात. पंच दहापर्यंत आकडे मोजतो. हे सातला उठतात, लोकांना मूठ दाखवतात आणि आठला परत आडवे. झाला खेळ.

राहीबाई : सातला?

त्रिशला : बरोब्बर सातला. एकदाही चुकलेलं नाही.

राहीबाई : बाई, तुमच्या तोंडात साकर पडू दे. जिवात जीव आला माझ्या. ह्यो हंबीर पैलवान सबागती दिसतोय.

त्रिशला : सभ्य आहे हो फार. काल मला... थांबा हं. अक्का, हा हंबीर नव्हे.

राहीबाई : न्हवं?

त्रिशला : मघापासनं मी बुरख्याकडंच बघत होते. हा कोण? हा जाडा आहे मानेत. अहो मदनभाऊ! हंबीर पैलवान कुठायत?

मदन : हिवतापानं निजलेत बिऱ्हाडी. हा गुंडा पैलवान, बदली. सकाळीच उभा केलाय. तालमीतला अस्सल गडी, रेड्याची ताकद!

राहीबाई : दादा, त्येला ठावं हाय न्हवं?

मदन : काय ठावं?

राहीबाई : ठरवल्यालं.

मदन : ठरवलेलं? कोण म्हणतं ठरवलेलं? आमच्या कंपनीत चोख कुस्ती असते, मावशी! निकाली! असलं वंगाळ बोलायचं नाही इथं.

त्रिशला : मदनभाऊ, पाया पडते. मी कुणाला सांगत नाही. खरं सांगा, त्याला शिकवलंय ना?

मदन : म्हटलं ना, चोख कुस्ती! बसा खाली. मागच्यांना दिसंना.

राहीबाई : बाई, ह्यो खरं बोलतोय का खोटं?

त्रिशला : तो दुसरं काय बोलणार? पोट आहे त्याचं त्यावर. शिकवलं असेलच की. सकाळपासनं वेळ होता.

राहीबाई : आसंल म्हंता. ठावं न्हाई तुमास्नी.

त्रिशला : नाही ठाऊक.

राहीबाई : मग मी न्हाई बघत. पदर घेते तोंडावर. तुमीच सांगा मला.

त्रिशला : लाथ मारली परत. ही काल नव्हती. गुंडा चिडलाय, अक्का. खरंच चिडलाय, दात दिसतायत त्याचे. कमरेला धरलं. उचललं.

राहीबाई : किती डाव फिरीवलं?

त्रिशला : एकदा.

राहीबाई : आन्?

त्रिशला : अय्यो!

राहीबाई : बाई! आवाज कसला झाला ह्यो? बोला की!

त्रिशला : पडले.

राहीबाई : पाठीवर?

त्रिशला : पाठीवर... खांदा आधी लागला बहुतेक. बुरख्यात मान कळत नाही हो. पंच मोजतोय बघा. तीन. चार. सातला उठतात, अक्का, धीर धरा. पाच. सहा.

राहीबाई : सात?

त्रिशला : सात.

राहीबाई : उठले?

त्रिशला : लोक हसतायत. सोंग करतो म्हणतायत. सोंगच असेल, नाही? आज शेवटचा खेळ, काहीतरी वेगळं... आठ.

राहीबाई : हात बघा. हात हलतोय का? बोट तरी?

त्रिशला : नाही.

राहीबाई : पाय?

त्रिशला : अक्का, हाक मारा! तुमचा आवाज ओळखतील. नाव घेऊन मोठ्यानं हाक मारा!

राहीबाई : नाव? त्यांचं? मी कंदी घेतलं न्हाई वं. लग्नात घेतलं त्येवढंच, त्ये बी उखाण्यात.

त्रिशला : मग मला सांगा, मी मारते!

राहीबाई : तुमास्नी सांगायला बी घ्यावंच लागंल की!

त्रिशला : मग घ्या! नऊ झाले!

राहीबाई : नाथाजीऽऽ! आवं नाथाजी! हात हालवा! हात हालवा माझ्या म्होरं, नाथाजीऽऽ!

त्रिशला : मोजणं थांबलं. पंचसुद्धा इकडं बघतोय.

राहीबाई : त्यांचं सांगा. पंचाला काय करायचंय?

त्रिशला : हलला! अक्का, हात हलला!

राहीबाई : कंचा?

त्रिशला : उजवा. आणि हा डावा. दोन्ही वर घेतले, तोंडाकडं.

राहीबाई : मान धरली का? दुखतीया का?

त्रिशला : नव्हे हो. बुरखा ओढतायत. खाली, पार गळ्याच्या खाली. तुमचा आवाज ऐकला आणि तोंड झाकून घेतायत!

राहीबाई : दोनी हातांनी?

त्रिशला : दोन्ही हातांनी. चांगले घट्ट.

राहीबाई : वडू द्या. वडू द्या, बाई. माझा देव त्यो, वडू द्या त्येला.

त्रिशला : पाणी घ्या. गाळलेलं आहे. घ्या हो, तुम्ही तांब्याला शिवलं तरी मला चालतं. तीन दिवस मी काय काय बोलले त्यांना. चोर म्हटलं, काळतोंड्या म्हटलं. ऐकू गेलं असेल का?

राहीबाई : ऐकू गेलं आसंल. मी बी घरी गेल्यावर त्येच म्हननार हाय.

मदन : कोण ओरडलं इकडनं? नाव कुणी घेतलं? आमच्या पैलवानाचं नाव फुटलं, शेवटच्या खेळाला! कुणाच्या बाई तुम्ही?

राहीबाई : त्यांची. पाय कसं हायती?

मदन : त्यांची? ...असं व्हय. बसलेत उठून, वैनी. पाय हलवतायत. पण कंपनीच्या वैद्यांना मान बघायचीय आणि गडी बुरखा सोडंना. दोघांनी हात धरले तरी सोडंना. म्हणतो, बायकांच्या बाजूचा पडदा आधी ओढा, मगच काढतो.

त्रिशला : अय्यो, काय माणूस! मान राहिली बाजूला!

मदन : मी काय सांगू त्यांना, सांगा.

राहीबाई : पडदा वड. मान दाखवा म्हनावं वैद्याला, मी तकडं पाठ करून बसते. मग मोटारीवर जायाचंय आपल्याला. लाज वाटत आसंल तर बुरखा घालूनच या म्हनावं, मी काय इचारनार न्हाई. पर त्येवढं चालत या.