पीस थांबायचं तेव्हा

लेखनिक : ...तेव्हा मी लिहिलेली ती गुंडाळी कपाटातून काढा आणि कबरस्तानात पुरा. फावडं माझ्याच्यानं उचलायचं नाही, पण हजर राहीन.

रब्बी : काका, आपल्या प्रार्थनागृहात तोराची, आपल्या धर्मग्रंथाची, ती एकच गुंडाळी आहे. तेराव्या वर्षी मी पहिल्यांदा वाचलं ते तीच उघडून. तीस वर्षांत एक अक्षर पुसट झालेलं नाही.

लेखनिक : अक्षर बरं आहे. माझं तेवढंच बरं आहे.

काकू : मला म्हणाले, चष्म्याच्या दुकानात जाऊ. जिना चढून झाल्यावर कळलं, इथं आणलंय.

रब्बी : बसा, काकू. काका, झालं काय ते तरी सांगा.

लेखनिक : नियम तुम्हाला ठाऊक आहे. देवाचं नाव आलं की हात थांबवायचा. 'या नावाच्या पावित्र्यासाठी लिहितो' असं तोंडानं म्हणायचं आणि मग लिहायचं. मी म्हणालो नाही. अशी गुंडाळी बाद, ती पुरायचीच.

रब्बी : एकदा?

लेखनिक : तीन-चार महिने. ही आजारी होती, शेजारच्या खोलीत. दुपारी कुठं जरा डोळा लागायचा. म्हटलं, बोललो तर जाग येईल.

रब्बी : मग तेवढे चामड्याचे तुकडे उसवू. नवे लिहून जोडता येतात.

लेखनिक : कुठून कुठवर, तेच आठवत नाही. तोराच्या पाचांतलं तिसरं पुस्तक असेल. चौथंही असेल. मी दुसऱ्या गुंडाळीत बघून लिहिलं, ती लिहिणाऱ्यानं तिसरीत बघून, असं मागं मागं थेट पहिली लिहिणाऱ्या मोशेपर्यंत. एवढ्या सगळ्यांत गप्प बसून कुणी लिहिलं नसेल. घोटाळा माझ्यापाशीच व्हायचा होता. माझं नेहमी असंच होतं.

काकू : ते खरं आहे. लग्नाच्या दिवशी हे शेजारच्या लग्नात जाऊन बसले होते.

रब्बी : इतकी वर्षं बोलला का नाहीत?

लेखनिक : धीर झाला नाही. दर शनिवारी ती उघडतात, सगळे उभे राहतात, मी खांबामागं उभा राहतो. आता वय झालं. मी गेल्यावर सांगणार कोण?

काकू : मी झोपत नव्हते.

लेखनिक : कधी?

काकू : दुपारची. डोळे मिटून पडायचे नुसती. तुमच्या लिहायच्या पिसाची कुरकुर ऐकू यायची. मधेच थांबायची. बराच वेळ काही नाही, मग पुन्हा सुरू. मी मनात म्हणायचे, नाव आलं वाटतं. मोजायचे. अकरा झाली की उठून पाणी प्यायचे.

रब्बी : म्हणजे काका, तुम्ही दर वेळी थांबत होतात.

लेखनिक : थांबत होतो. पण त्यात देव होता, असं मला म्हणता यायचं नाही.

रब्बी : मग काय करत होतात?

लेखनिक : हिचा श्वास चालू आहे का, ते ऐकत होतो.



रब्बी : काका, 'मोशे तिथं मरण पावला' इथून तोराची शेवटची आठ वचनं. ती कुणी लिहिली?

लेखनिक : मोशेनंच, असं म्हणतात. कुणी म्हणतं, त्याच्या शिष्यानं. मी काय सांगणार?

रब्बी : जुने गुरू सांगतात, तिथवर देव बोलायचा, मोशे ते तोंडानं म्हणायचा आणि लिहायचा. त्या आठ वचनांपाशी देव बोलला आणि मोशेनं नुसतं लिहिलं. म्हणाला नाही. डोळ्यांत पाणी होतं. ती आठ वचनं अजून कुणी पुरलेली नाहीत.

लेखनिक : मी रडत नव्हतो.

काकू : नाक ओढल्याचं ऐकू यायचं.

लेखनिक : सर्दी असेल.

रब्बी : गुंडाळी कपाटातच राहील. या शनिवारी वाचायला मात्र तुम्ही उभे राहा. तिसरंच पुस्तक चालू आहे.

लेखनिक : माझा आवाज बारीक आहे. मागपर्यंत पोचायचा नाही.

काकू : मला येईल ऐकू.