सहा वांग्यांत किल्ला

फौजेत जाऊन काय मिळवलं, म्हणता? अहो, इटलीतला एक किल्ला घेतला मी आणि धुळ्याच्या महादूने!

लढाई नुकतीच संपली होती. सुट्टी मिळाली म्हणून डोंगरावरचा किल्ला बघायला गेलो, तर म्हातारा राखणदार दारात आडवा. त्याची भाषा आम्हाला आता थोडी कळायची. म्हणाला, "हा दरवाजा आजवर कुठल्या फौजेला उघडला नाही. तुम्हालाही नाही." आणि धाडकन लावून घेतला.

महादू भडकला. "ऱ्हाऊ दे! भूक लागनी, भरीत करूत."

वाटेत घेतलेली सहा वांगी होती. घरी कपाशीच्या काड्यांवर भाजतो, इथे द्राक्षाच्या वाळक्या काड्या पेटवल्या. वांगी भाजून झाली तोवर धूर तटावरून आत गेला.

"आग! आग!" दरवाजा सताड उघडून म्हातारा पाण्याची बादली घेऊन पळत आला. महादूने शांतपणे त्याच्या हातावर भरीत ठेवलं, घरच्या लाल मिरचीचं. म्हाताऱ्याने खाल्लं, लालबुंद झाला, बादलीतलंच पाणी घटाघटा प्यायला आणि पुन्हा हात पुढे केला.

मग काय, बुरुजापर्यंत तोच घेऊन गेला!

संध्याकाळी साहेबाने विचारलं, "किल्ला पाहिला का?"

महादूने कडक सलाम ठोकला. "घेतला, साहेब. सहा वांगी खर्ची पडली."