पाकिटावर माझे नाव आहे

दिनांक : १९ नोव्हेंबर २०२५
पोलीस ठाणे, लातूर

जबाब देणार : मंजुश्री शिवमूर्ती हालकुडे, वय ४६ वर्षे, व्यवसाय नोकरी (महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते), रा. विष्णुपुरी, नांदेड, मूळ रा. लातूर.

मी समक्ष हजर राहून सांगते की, घटना १५ जून २०२५ रोजीची असून मी आज ठाण्यात आले आहे. पाच महिने गप्प राहिल्याबद्दल प्रथम माफी मागते. उशिराचे एक कारण भीती. दुसरे पुढे सांगेन. मी रोज डायरी लिहीत असे. १५ जूनपर्यंतच्या तारखा व वेळा तीत पाहून देत आहे. त्यानंतरची पाने कोरी असल्याने पुढचे आठवणीतून सांगत आहे.

बसवराज शिवमूर्ती हालकुडे, वय ५१, हे माझे थोरले भाऊ. त्यांना मी अण्णा म्हणते. गंजगोलाईत त्यांचे भांड्यांचे दुकान आहे. त्यांच्या पत्नी नीला वहिनी २०२१ साली कोरोनाने दवाखान्यात वारल्या. अण्णांना आत सोडले नव्हते. तेव्हापासून ते दुकानात बसत, पण गिऱ्हाइकाशी बोलत नसत. मानसोपचाराच्या गोळ्या तीन वर्षे चालू होत्या. फरक थोडा होता.

श्रीशैल वीरभद्र खानापुरे, वय ४१, हा माझ्या मावसबहिणीचा दीर. औसा रोडलगतच्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर त्याचे समुपदेशन केंद्र आहे. तो डॉक्टर नाही. परदेशात उदास रुग्णांवर भास घडवणाऱ्या अळंबीतील द्रव्याचे प्रयोग चालू आहेत व काहींना गुण येतो, हे मी वाचले होते. ते मीच त्याला मराठी करून दिले. सुरुवात त्याने केली की मी, याचा मी पुष्कळ विचार केला. मी केली.

त्या प्रयोगांत दोन जाणकार माणसे रुग्णाजवळ शेवटपर्यंत बसतात व डॉक्टर हाकेच्या अंतरावर असतो, हेही मी त्याला वाचून दाखवले होते. तो हसून म्हणाला, “अक्का, तिकडं दोन माणसं लागतेत. इथं आपण दोघं हावच की.” अण्णांच्या डॉक्टरांना आम्ही काहीही कळवले नाही.

श्रीशैलने मागवलेले त्या अळंबीचे पार्सल माझ्या विष्णुपुरीच्या पत्त्यावर आले. वनस्पतिशास्त्राच्या बाईकडे नमुने येतात, कोणी विचारत नाही, म्हणून तो पत्ता. हे बाळगणे गुन्हा आहे हे मला माहीत होते. मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून जात विषारी नसल्याची खात्री केली आणि जेवणाच्या डब्यातून एसटीने लातूरला नेले.

दिनांक ६ एप्रिल रोजी अण्णांना ते औषध देण्याची पहिली बैठक झाली. मी व श्रीशैल सकाळी दहा ते चार अण्णांच्या उशाशी बसून होतो. अण्णा पुष्कळ रडले. नंतर म्हणाले, “नीलाशी बोललो. ती बरी हाय.” त्या आठवड्यात त्यांनी गिऱ्हाइकाशी घासाघीस केली, घरी पेंडपाला मागून खाल्ला. औषधाने त्यांना बरे वाटले होते. हे सांगू नये असे मला येताना वाटत होते. पण ते खरे आहे.

दुसरी बैठक १५ जून रोजी होती. त्या दिवशी नांदेडला एका परीक्षेवर माझी नेमणूक होती. मला नकार देता आला असता, दिला नाही. श्रीशैल फोनवर म्हणाला, “अक्का, तुम्ही निवांत राहा. मी जागचा हलत न्हाई.”

पुढील हकिगत मला पंचशीला यांनी सांगितली. त्या मुरुडला शिक्षिका असून त्याच खोलीत दुसऱ्या गादीवर होत्या. एका वेळी दोघांना औषध दिल्याचे मला त्या दिवशीच कळले. त्यांचे शब्द असे : “सर दहा मिनटात येतो म्हणले अन् बाहेरून कडी लावून गेले. तुमचे भाऊ ‘नीला बाहेर उभी हाय, तिला आत घ्या’ म्हणून दार वाजवायले होते. कोणीच येईना. मग ते खिडकीकडं गेले. ताई, मला सगळं दिसत होतं, पण हातपाय उचलत नव्हते.”

अण्णा खिडकीतून खालच्या पत्र्यावर पडले. वेळ अंदाजे बारा वाजून वीस मिनिटे. त्यांना कमरेखाली आता संवेदना नाही.

त्याच वेळी श्रीशैल एका खाजगी शिकवणीवर्गाच्या पालक मेळाव्यात ‘मुलांचे मानसिक आरोग्य’ या विषयावर बोलत होता. शाल व श्रीफळ घेतानाचा फोटो त्याने स्वतः मोबाईलवर स्टेटस म्हणून ठेवला होता. त्यावर १२.२४ ही वेळ आहे. फोटोची प्रत हजर करीत आहे. फोटोत तो हसत आहे.

तो तिसऱ्या दिवशी दवाखान्यात मोसंबी घेऊन आला. म्हणाला, “अक्का, औषध आपलं काम करीतच असतंय. मनातलं बाहेर निघायच्या टायमाला असं होतंय कधी कधी.” मी त्यातलेच एक मोसंबे सोलून त्याला दिले. का दिले ते मला सांगता येत नाही.

त्यानंतर त्याने खोली धुऊन घेतली. आता तो सर्वांना सांगतो की गुळवेलीचा काढा दिला होता, माणूस आधीच वेडा होता. समाजातील ज्येष्ठ बसवंत आप्पांच्या घरी बैठक झाली. आप्पा म्हणाले, “पोरी, घरातलं घरात मिटव.” श्रीशैल सर्वांसमोर म्हणाला, “जावा की ठाण्यात. डब्यात घालून कुणी आणलं ते बी सांगा मग.” सगळे हसले. मीही हसले.

त्याला एक गोष्ट माहीत नव्हती. कोणताही नमुना हाती आला की थोडा वाळवून कागदी पाकिटात ठेवायचा आणि वर माहिती लिहायची, ही माझी तेवीस वर्षांची सवय आहे. त्या पार्सलमधीलही एक नमुना मी ठेवला होता. पाकिटावर तारीख आहे, ‘मागवणार : श्रीशैल खानापुरे’ असे आहे आणि संग्राहक म्हणून माझे नाव, माझ्या अक्षरात. ते पाकीट मी आज हजर करीत आहे.

जबाब घेणारे साहेब म्हणाले, “मॅडम, हे लिहिलं की पहिल्यांदा तुम्हीच अडकताव. नोकरी जाईल. पाकिटाचं सोडून सांगा.”

मी विचारले, “ते सोडलं तर त्याच्यावर काय उरतं?”

“गुळवेलीचा काढा.”

“मग लिहा.”

तुमचा हेतू सुडाचा आहे काय, असे मला विचारण्यात आले. होय. म्हणूनच माझ्या बाजूचे काही झाकलेले नाही. मी एक गोष्ट खोटी सांगितली तर तो तेवढ्यावर सुटेल. उशिराचे दुसरे कारण असे की, त्याच्या मुलीचे लग्न येत्या रविवारी, २३ तारखेला आहे. ऑगस्टपासून माझी तयारी होती. मी पत्रिका वाटून होण्याची वाट पाहिली. मुलीचा काही दोष नाही. हे मी स्वतःला रोज सांगितले, तरी दिवस बदलला नाही.

अण्णांची तक्रार नाही. ते म्हणतात, “त्यानं मला नीला दाखवली, मंजू. परत देणार असेल तर मी परत घेईन.” या जबाबानंतर त्यांना ते कोणीही देणार नाही, हे मला कळते. तक्रार माझी एकटीची आहे.

वरील मजकूर साहेबांनी मोठ्याने वाचला, नंतर मी स्वतः चष्मा लावून वाचला. मी बोलले तेच कागदावर आले आहे. दोन ठिकाणी कमी करावेसे वाटले, केले नाही. खरे आहे म्हणून सही करते. पोलिसांनी अण्णांकडे उद्या दुपारनंतर जावे, ही विनंती. त्याआधी, सकाळी, मला स्वतः त्यांना सांगायचे आहे.