बुवांच्या पायाशी ठेवलेला स्पीकर

तुम्ही आजची पोरं एवढे स्पीकर लावता, पण आमच्या बुवांनी पहिला कसा निवडला ते ऐका. मी तेव्हा त्यांच्या भजनात पखवाज वाजवायचो.

सावंतवाडीच्या दुकानदाराने मोठ्या कर्ण्याबरोबर एक छोटा स्पीकरही पुढे केला. "बुवा, हा तुमच्याकडे तोंड करून ठेवा."

बुवा भडकले. "माझो आवाज माकाच कित्याक? लोकांका व्हयो!"

नुसता कर्णा आणला, माडावर बांधला. डबलबारी म्हणजे दोन बुवा समोरासमोर. एकाने गाण्यातून टोमणा मारायचा, दुसऱ्याने गाऊनच परतवायचा. पहिल्याच बारीला आवाज पार खाडीपलीकडे गेला, पण बुवांना स्वतःची पेटीच ऐकू येईना. सूर भरकटला आणि लोक पोट धरून हसले.

पुढच्या बारीला बुवांनी मुकाट्याने तो छोटा स्पीकर आणून पायाशी ठेवला. काय गायले म्हणून सांगू! समोरच्या बुवांना मात्र काही धड ऐकू येत नव्हतं, ते चाचपडत होते. आता जिंकलोच, म्हणून मी खुशीत, तोच आमच्या बुवांनी स्पीकर उचलून दोघांच्या मधोमध ठेवला.

"बुवा, ह्या काय करतास?"

"गप रे! माझो टोमणो त्येका ऐकाकच येणा नाय, तर जिकान उपेग काय?"