रानबैलाची खांदेमळण

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा. पखवाजवाले बुवा, तुम्हीही हात पुसून घ्या. ज्याचा जो देव असेल त्याला मनातल्या मनात नमस्कार करा. झाला? आता एक विचारतो. उत्तर लगेच देऊ नका हं! लगेच दिलेली उत्तरं निवडणुकीत चालतात, कीर्तनात नाही!

माया कुणाची मोठी? जो हाक ऐकली की धावत येतो त्याची — की जो हाक ऐकतो, आतल्या आत तुटतो, आणि तरी जागचा हलत नाही त्याची?

मावशी हसताहेत. धावणाऱ्याचीच म्हणताय ना? मलाही तसंच वाटायचं. मग एकदा माणदेशात कीर्तनाला गेलो आणि तिथं भिवतात्या कोळेकरांची गोष्ट कानावर आली. तेव्हापासून मी घोटाळ्यात पडलोय. आता तुम्हीही पडा!

धुळकोंडवाडी नावाची वस्ती. माळ, कुसळं, दगड. पाऊस तिथं वाट चुकला तरच येतो. पण जनावर? अहाहा! खिलार जनावर बघावं तर तिथंच. भिवतात्यांचा सारा जन्म त्या खिलारांत गेला. कुणाला खोंड घ्यायचा झाला की आधी तात्यांना सोबत न्यायचं. तात्या जनावराभोवती एक फेरी मारणार, मानेवरून हात फिरवणार आणि म्हणणार, "गरीब हाय. घ्या." संपलं! आता आपल्याकडे गरीब म्हणजे काय? माणूस गरीब म्हटलं की आपण तोंड फिरवतो, आणि गाय गरीब म्हटलं की लगेच गिऱ्हाईक! गरीब म्हणजे न मारणारं, हाताखाली येणारं. तात्यांनी जन्मभर असंच गरीब जनावर पारखलं.

अशा या तात्यांच्या दारात एके दिवशी जीप थांबली. उतरल्या सबनीस मॅडम. जनावरांच्या डॉक्टर, एका संस्थेत काम करणाऱ्या. चहा झाला. मॅडम म्हणाल्या, "तात्या, तुमच्या गोठ्यातल्या या सगळ्यांचा एक मूळपुरुष होता, माहीत आहे? रानबैल!"

कोण बोललं मागून — गवा? नाही हो आबा! गवा वेगळा. तो अजून राधानगरीच्या जंगलात सुखानं हिंडतोय. हा त्याच्या भावकीतला म्हणा, पण घर निराळं. नर काळाकुळकुळीत, पाठीवरून फिकट पट्टा, उंची माणसाला झाकेल एवढी, शिंगं पुढं वळलेली. माणसानं कधीकाळी त्याला धरलं, बांधलं, जू दिलं — त्यातून आपले गाईबैल झाले. जो रानात राहिला तो संपला! युरोपातला शेवटचा चारशे वर्षांपूर्वी गेला. आपल्याकडचा कधी संपला ते कुणी नक्की सांगत नाही. नदीकाठच्या गाळात हाडं तेवढी सापडतात.

तात्या म्हणाले, "मग मेलेल्या जनावराचं आता काय करायचं, म्याडम?"

"रक्त मेलेलं नाही, तात्या. वाटलं गेलंय. कुठल्या गाईकडे त्याचं शिंग आलं, कुणाकडे उंची, कुणाकडे रंग, कुणाकडे तो राग. निवडून निवडून जोड्या लावायच्या आणि ते सगळं पुन्हा एका अंगात गोळा करायचं. दुसऱ्या देशांत करताहेत लोक. आपण आपल्या जनावरांतून करून बघू."

बघा मंडळी! आजोबांची जमीन भावाभावांत वाटली जाते. एकाला विहीर, एकाला आंबा, एकाला नुसता बांध. ती कुणी पुन्हा एक केलीय? आपल्याला सातबारा एक करता येत नाही, आणि ही बाई आख्खं जनावर एक करायला निघाली!

पण तात्यांच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. आपण ज्यांच्या पाठीवरून हात फिरवला, त्यांचा बाप कसा होता — एकदा डोळ्यांनी बघावा! ते हो म्हणाले.

माळाला तारेचं कुंपण पडलं. आत निवडक गाई आणि वळू सोडले. मॅडमनी नियम सांगितले. हातानं चारा द्यायचा नाही. गाय अडली तरी आत जायचं नाही. कुणाला नाव ठेवायचं नाही. आणि जे वासरू आपण होऊन माणसाकडे येईल, ते कळपाबाहेर! ते शेतकऱ्याला देऊन टाकायचं. आत राहायचं ते माणसाला बघून फुरफुरणारं, स्वतःचं स्वतः बघणारं. झाली का पंचाईत? जन्मभर तात्यांनी गरीब शोधलं, आता मारकं शोधायचं! पहिल्या वर्षी एक कालवड तारेपाशी येऊन त्यांचा हात चाटायला लागली. आजवर असं झालं की तात्या खूश व्हायचे. त्या दिवशी घरी येऊन जेवलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी कालवड गेली.

वर्षं गेली. वासरांना वासरं झाली. आणि एक खोंड असा उपजला — काळाभोर, पाठीवर फिकट रेघ! वाढला तसा उंच उंच होत गेला, शिंगं पुढं वळली. मॅडम दुर्बिणीतून बघत म्हणाल्या, "तात्या, हा जवळ आला हो!" कागदावर त्याचा नुसता आकडा होता. पण तात्यांनी मनातल्या मनात नाव ठेवलं — काजळ्या.

एक नियम मोडला! म्हणाल, नावानं काय होतंय? थांबा. अजून बेंदूर यायचाय.

बेंदूर म्हणजे आपला पोळा हो. त्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळण. ज्या खांद्यानं वर्षभर जू ओढलं तो खांदा तूप-हळद लावून मळायचा, आणि बैलाच्या कानात सांगायचं — आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. साऱ्या वाडीत घरोघर खांदे मळणं चाललंय आणि काजळ्या तारेआड एकटा उभा! तात्यांच्या बायको ताराऊ म्हणाल्या, "अवो, शिंगाचं जनावर बेंदराला उपाशी राहतंय का कुठं? पाप लागंल." झालं! तात्यांना तेवढंच हवं होतं. वाटी घेतली, तारेपाशी गेले, हात आत घातला.

अहो, ज्याच्या मानेवर कधी जू पडलं नाही, त्याची खांदेमळण! खांद्यावर घट्टा नाही, ओझ्याचं नाव नाही, आणि तात्या मळताहेत! काजळ्या आधी फुरफुरला. मग थांबला. मग मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी पुरणाची पोळी खाल्ली. पुढच्या बेंदराला तो तारेपाशी आधीच येऊन उभा! आणि तात्या स्वतःला समजावतात, "वर्षातनं येकदाच तर हाय. काय बिघडतंय?"

काय बिघडतंय! मंडळी, माणसाच्या सगळ्या चुका या दोन शब्दांच्या दारातून आत येतात.

एका सकाळी लांडगे आले. माणदेशात लांडगा आहे अजून, मेंढरांमागं हिंडतो. तार कुठंतरी सैल झाली होती, तिथून आत शिरले. गाईंनी वासरं मध्ये घेतली, शिंगं बाहेर केली. कुणी शिकवलं? कुणीच नाही! जुनं रक्त जागं झालं. एक बाजू तेवढी उघडी होती, वळूची. काजळ्या कुठंय? तात्या टेकडावरून बघताहेत, हातातली काठी घट्ट धरून. आता तो धावणार! आता शिंगं खाली घालणार!

धावला. धावला तो थेट तात्यांकडे! टेकडाखाली तारेला डोकं लावून उभा राहिला, आणि एवढं यमाच्या रेड्यासारखं जनावर — खांदा पुढं करून हंबरतंय! मळा म्हणतंय! मागं लांडग्यांनी एक वासरू धरलं. गाई ओरडताहेत, आणि काजळ्याची नजर तात्यांच्या हातावर.

तात्यांनी तो हात पाठीमागं लपवला.

मॅडम आल्या. सैल तार बघितली, वासरू जिथून नेलं ती जागा बघितली. काजळ्याकडे बघून म्हणाल्या, "दिसायला सगळं आलं, तात्या. आतलं नाही आलं. हा कळपात ठेवता येणार नाही. याला खच्ची करून कुणाला तरी औताला देऊ."

खच्ची! इतक्या वर्षांत एकदा जमून आलेलं रूप, आणि नांगराला! त्याच्यामागं वंश नाही, काही नाही. तात्यांनी हात जोडले. "म्याडम, चूक त्याची न्हाई. ह्या हाताची हाय. मीच दर बेंदराला त्याला गरीब केला."

मॅडम रागावल्या होत्या आणि रागवावं असंच होतं ते. मग म्हणाल्या, "एक संधी देते. त्याला द्यायची आहे, तुम्हाला नाही. त्यानं तुम्हाला विसरायला हवं. जमेल?"

"त्याला जमंल," तात्या म्हणाले.

स्वतःचं काही बोलले नाहीत, लक्षात घ्या.

बेंदूर आला. आदल्या संध्याकाळी वाडीत हळदीचा वास. आणि माळावरून हंबरणं सुरू झालं. तारेपाशी काजळ्या! येणाऱ्याची वाट बघतोय. तात्यांना घरात बसवेना. निघाले. तारेच्या अलीकडे मोठा धोंडा आहे, त्याच्या आड, त्याला वास लागू नये म्हणून वाऱ्याच्या उलट्या बाजूला जाऊन बसले. जवळ इतके की जनावराचा श्वास ऐकू येतोय. तो हंबरतो, हे डोळे मिटतात. तो खुरानं माती उकरतो, हे दगडाला पाठ घट्ट लावतात. उठले की संपलं! एक पाऊल बाहेर टाकलं की त्याचं वाटोळं! पुरुषासारखा पुरुष, पण लहान पोरागत रडत होता हो.

मागून ताराऊ आल्या. हातात तूप-हळदीची वाटी. तात्या घाबरले, कुजबुजले, "अगं, तू कशाला आन्लीस? त्याला लावायचं न्हाई आता."

"त्याला कुठं लावतीय?" ताराऊ म्हणाल्या. "सदरा काढा. वझं तुमच्या खांद्यावर हाय."

आणि त्या माउलीनं धोंड्याआड बसून नवऱ्याचा खांदा मळला. तिकडे काजळ्याचं हंबरणं हळूहळू कमी झालं. मग थांबलं. मग खुरांचा आवाज — लांब, कळपाकडे.

तात्या पुन्हा कधी तारेपाशी गेले नाहीत. लांबून बघायचे. मनातलं नावसुद्धा ओठांवर आणत नव्हते. थंडी पडली. आणि एका पहाटे — लांडगे! या वेळी तारेखालची माती उकरून आत आले. गाईंनी गोल केला. उघड्या बाजूला काजळ्या उभा. त्यानं एकदा टेकडाकडे बघितलं. तात्या खडकाआड पालथे पडून राहिले, तोंडात धोतराचा बोळा! टेकडावर कुणी नाही. त्याला कुणी दिसलं नाही. मग त्यानं मान वळवली, डोकं खाली घातलं, आणि निघाला! जमीन हादरली म्हणतात. एक लांडगा शिंगावरून उडाला, बाकीचे आल्या वाटेनं पसार. एकाही वासराला दात लागला नाही.

आणि मग आपले तात्या सगळं विसरले! माणूसच ना! टेकड उतरून धावत सुटले, "काजळ्याऽऽ! माझ्या वाघाऽऽ!" थेट तारेपाशी!

काजळ्यानं बघितलं. फुरफुरला. आणि आला की अंगावर! तारेचा खांब वाकला, तार झणझणली, तात्या उलटे पडले ते मागच्या निवडुंगात! ताराऊ धापा टाकत आल्या. बघतात तर नवरा निवडुंगात पडलाय, अंगभर काटे, आणि हसतोय! डोळ्यांतून पाणी, आणि हसतोय!

"तारा, त्यानं मला वळखलं न्हाई गं! वळखलं न्हाई मला!"

दुपारी मॅडम आल्या. काटे काढता काढता त्यांनी विचारलं, "काय तात्या, कुणाला हाक मारत होता म्हणे?"

तात्यांनी माळाकडे बघितलं. तो लांब चरत होता.

"कुनाला न्हाई, म्याडम," ते म्हणाले. "त्याला नाव न्हाई."

आता तो खरा रानबैल झाला का? मॅडम अजूनही म्हणतात, नाही. गेलं ते तसंच्या तसं येत नसतं. त्याच्या वाटेवर एक पाऊल पडलं, एवढंच. मलाही एवढंच कळतं.

पण मंडळी, इतका वेळ तुम्ही स्वतःला तात्या समजत होतात ना? पोरं मोठी करायची, मग लांब राहायचं, असा काहीतरी बोध घेऊन घरी जाणार होतात ना? ते घ्याच. पण मी तुम्हाला तात्या म्हटलंच नाही! तुम्ही तारेच्या आतले. मीही आतलाच. आपण सगळे देवाच्या तारेला डोकं लावून हंबरतोय — मागच्या वेळी आलास, मग आता का नाही? आजारपणात धावलास, मग या भावकीच्या भांडणात कुठं गेलास? दार लावून का बसलास? निष्ठुर झालास!

निष्ठुर? अरे, धोंड्याच्या पलीकडे कुणाचा खांदा मळला जातोय, कधी कान देऊन ऐकलंय का?

तो येत नाही, कारण त्याला आपल्याला औताला द्यायचं नाहीये! आपल्या आत त्यानं काय काय वाटून ठेवलंय ते त्याला उभं राहिलेलं बघायचंय. म्हणून उद्या हाक मारलीत आणि कुणी आलं नाही, तर रुसू नका. घरात दारूची बाटली आहे, बांधावर भाऊ उभा आहे, मनात भीती आहे, ज्याचा लांडगा त्याला ठाऊक. तो कुठल्या बाजूनं आत शिरतोय तेवढं बघा. आणि तोंड तिकडे करा.

उचला टाळ!