खडीतली चिवळ

आसावरी : आई, पुन्हा एकदा नीट सांगा. काल जेवताना ती बारीक पानांची हिरवी भाजी होती, ती तुम्ही दुकानातून नाही आणली?

श्यामलाबाई : दुकानात कुठली मिळायला चिवळ? या लंडनच्या पिनरमध्ये? काल सकाळी मागच्या अंगणातून खुडली. त्या तुमच्या खडीतून. अशी काय बघून राहिली? चांगली सात पाण्यांतून धुतली होती मी.

आसावरी : परीक्षित! खाली ये. आत्ता.

परीक्षित : शूज घालतोय गं. स्लाऊला मीटिंग आहे, रस्ता आधीच पॅक असेल—

आसावरी : एका पायात घालून ये. शनिवारी मी आणि आई मंदिरात गेलो होतो, तेव्हा तू मागे काय केलंस?

परीक्षित : वीडकिलर मारलं. तूच मागे लागली होतीस ना? महिनाभर उपटतोय, उपटलं की चार दिवसांत परत हजर. शेवटी पंप आणला आणि सगळ्या खडीवर फवारलं. का?

आसावरी : तेच आपण काल जेवलो.

परीक्षित : काय जेवलो?

श्यामलाबाई : काय मारलं म्हणतो हा?

परीक्षित : तणनाशक, आई. तण मारायचं विष.

श्यामलाबाई : बाप्पा! अरे, ताटात वाढायच्या चिवळीवर विष?

परीक्षित : मला काय माहीत ती ताटातली आहे! होजपाइप बॅन, बागेला नळीने पाणी घालायचं नाही, म्हणून तर लॉन काढून वाळवंट केलं. खडी टाकणारा छातीठोकपणे म्हणाला होता, खाली कापड आहे, काडीसुद्धा उगवणार नाही. मग हे एवढं हिरवं आलं कुठून, तेच कळत नव्हतं.

श्यामलाबाई : मी पेरली.

परीक्षित : तू?

श्यामलाबाई : नागपूरहून पुडी आणली होती. चिवळीला ऊन लागतं, दगडधोंडे लागतात. तुमची खडी बघितली आणि म्हटलं, हे तर हिच्यासाठीच करून ठेवलंय. रोज डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी घालत होते. बंदी नळीला आहे, तांब्याला नाही.

परीक्षित : म्हणजे दर शनिवारी मी जे उपटत होतो...

श्यामलाबाई : ते तू? आणि मी शेजारच्या मांजरीला शिव्या देऊन राहिले! म्हटलं, ही कुठली मांजर, मुळासकट खाते.

आसावरी : तुम्ही दोघं एकाच घरात राहता ना?

श्यामलाबाई : राहतो की. हा संध्याकाळी येतो, जेवतो, तो लॅपटॉप उघडतो. पेरलं म्हणून सांगायचं कधी? जाहिरात द्यायची होती का?

परीक्षित : आई, ते नंतर. आसावरी, तू...

श्यामलाबाई : अगं बाई! थांब. काल तू दोनदा घेतलीस. मीच वाढली. पाचवा महिना तुझा आणि मी... तू उभी का आहेस? बस. बस आधी. बाळ हलतंय ना?

आसावरी : हलतंय. रात्रभर झोपू दिलं नाही त्याने.

परीक्षित : चल, हॉस्पिटल. किल्ली कुठे आहे?

आसावरी : तुझ्या हातात आहे. आधी एनएचएसच्या हेल्पलाइनला फोन करू. तू शेडमधून ती बाटली आण, ते नाव विचारतील.

श्यामलाबाई : नावगाव राहू दे! मला सांग, किती गेली तुझ्या पोटात? माझ्या हाताने वाढली गं मी. माझ्या या हाताने.

आसावरी : आई, शांत व्हा. मी... आई, मी नाही खाल्ली.

श्यामलाबाई : नाही खाल्लीस म्हणजे? छान झालीय म्हणालीस. आणखी घे म्हटलं, तर घेतलीस.

आसावरी : हल्ली मला त्या आंबटसर वासाने मळमळतं. पण तुम्ही एवढ्या हौसेने केलेली, नाही कसं म्हणणार? तुम्ही पोळ्या करायला आत गेलात की मी परत पातेल्यात टाकत होते. हात न लावता. दोन्ही वेळा.

श्यामलाबाई : खरं सांगतेस? शपथ?

आसावरी : शपथ. एक पानसुद्धा नाही. सॉरी, आई.

श्यामलाबाई : सॉरी कशाचं! बरं झालं. देवा, किती बरं झालं खोटं बोललीस. आणि तू रे? तू तर चाटूनपुसून खाल्लीस. अगदी घरची आठवण आली म्हणालास.

परीक्षित : आठवण खरंच आली. मला घरीही कधी आवडायची नाही ती.

श्यामलाबाई : मग ताट रिकामं कसं झालं?

परीक्षित : आसावरीच्या ताटात सरकवली. मला वाटलं हिला आवडतेय, दोनदा घेतली म्हणजे.

आसावरी : आणि मी तीही पातेल्यात टाकली.

श्यामलाबाई : वा! आहेराचा खण घरोघर फिरवतात तशी फिरवली माझी भाजी. तरीच मी म्हणून राहिले, तिघांनी पोटभर खाल्ली आणि पातेलं होतं तेवढंच कसं.

आसावरी : आई... मग पातेल्यातली कुठे आहे? फ्रिजमध्ये नाहीये.

श्यामलाबाई : अन्न टाकवतं का?

आसावरी : आई.

श्यामलाबाई : रात्री मीच संपवली. तळाची थोडी होती, ती आज सकाळी पोळीने पुसून घेतली.

परीक्षित : सगळी?

श्यामलाबाई : आता ओरडून ती बाहेर येणार आहे का?

(आसावरी फोन लावते. परीक्षित शेडमधून बाटली घेऊन येतो.)

आसावरी : हॅलो, हो... माझ्या सासूबाई. वीडकिलर मारलेली भाजी खाल्लीय... नाही नाही, चुकून. एकाहत्तर वर्षांच्या आहेत... बीपीची गोळी, हो, रोज. परीक्षित, नाव वाच.

परीक्षित : हे काय, मुंगीच्या अक्षरात लिहिलंय. थांब, हे बघ, हे.

आसावरी : (परीक्षितला) अरे, स्पेलिंग नीट सांग! (फोनवर) हो, तेच. शनिवारी संध्याकाळी फवारलं, रविवारी सकाळी खुडलं... धुतली होती, बऱ्याच पाण्यांनी. शिजवली पण होती.

श्यामलाबाई : लसणाची फोडणी होती, सांग तिला.

आसावरी : आई, तिला रेसिपी नकोय. उलटी झाली का? तोंडात, घशात जळजळ?

श्यामलाबाई : नाही.

आसावरी : चक्कर? श्वास लागतोय?

श्यामलाबाई : तुम्ही दोघं असे तोंडात बघून राहिले तर कोणालाही लागेल.

आसावरी : नाही म्हणतायत... किती खाल्ली? ती... तिघांची. हो, एकट्यांनी. कारण आम्ही... इट्स अ लाँग स्टोरी.

परीक्षित : काय म्हणतेय ती? आसावरी, काय म्हणतेय?

आसावरी : ओके. ओके, थँक यू. थँक यू सो मच.

परीक्षित : अगं बोल ना!

आसावरी : एवढ्या वेळात काही झालं नाही, ही चांगली खूण आहे म्हणाली. तिने तिथल्या कोणाला तरी विचारलंही. पाणी भरपूर प्यायचं. पण वय आहे, बीपी आहे, त्यामुळे आज दिवसभर एकटं ठेवू नका. उलटी किंवा दम लागला तर लगेच हॉस्पिटल.

परीक्षित : मी मीटिंग कॅन्सल करतो.

आसावरी : कर. मीही ऑफिसला कळवते. तू एकटा असलास तर घाबरून त्यांनाच घाबरवशील.

श्यामलाबाई : म्हणजे दोघंही थांबता?

परीक्षित : हो, आई.

श्यामलाबाई : आज सोमवार आहे रे.

परीक्षित : माहीत आहे. आई, हे पाणी घे. आणि खरं सांग हं, आमच्यासारखं छान-छान नको. पोटात दुखतंय का?

श्यामलाबाई : नाही रे. अजिबात नाही.

परीक्षित : नक्की?

श्यामलाबाई : नक्की. पण थोडं दुखतंय म्हटलं, तर उद्याही थांबाल का?