मिऱ्याचं सार, हिंगाची फोडणी

आम्ही मूळचे कुठले ते मला सांगता येणार नाही, आजोबांचे आजोबा इकडे आले म्हणतात, मी चामराजपेटेतच जन्मलो, घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर कन्नड. धंदा शिवणाचा. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो, ते कापायचे आणि मी शिवायचो, पुढे मी कापू लागलो आणि ते काजं करत बसले. बेचाळीस वर्षांचा होईपर्यंत हातांचा विचारच केला नव्हता बघा.

मग बोटं धरायला लागली. सकाळी कात्रीत अंगठा जाईना. काय सांगू तुम्हाला, कात्रीत अंगठा गेला नाही तर शिंप्यानं करायचं काय? मला मोजायची सवय, टेप गळ्यातच असतो, तर मी कॅलेंडरवर खुणा करू लागलो, बोटं धरली की फुली, नाही धरली की टिंब. दोन महिन्यांत टिंबं निघाली चार.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्तात काही सापडत नाही, पण काही जणांना वांगं, बटाटा, टोमॅटो आणि मिरची मानवत नाही, हिरवी, लाल, ढोबळी, सगळी एकाच कुळातली, तीन आठवडे पूर्ण सोडा, मग एकेक खाऊन बघा. मिरे चालतील, ते वेगळं झाड, रताळंही चालेल. मी सोडलं. मसाला डोसा सोडला, वांगीभात सोडला, पोह्यांतली मिरची वेचून बाजूला ठेवली. फुल्या तशाच. मी म्हटलं, बाईंचं चुकलं.

तेवढ्यात अण्णा गेले. पहिल्या दिवशी दर्भाची अंगठी माझ्या बोटात जाईना, भटजींनी ती सैल वळून दिली. आमच्याकडे सुतकात आणि श्राद्धाला मिरची चालत नाही, टोमॅटो-बटाटा नाही, मिरे-जिरे घालून चिंचेचं सार, मुगाची डाळ, भात, हिंगसुद्धा नाही. बाराव्या दिवशी भटजींनी तेवढीच सैल अंगठी वळली आणि ती बोटातून गळून पडली. बाप गेलाय आणि मी बोटाकडे बघतोय, लाज वाटली, पण बघितलं.

सुतक फिटलं, रोजचं सार सुरू झालं, आणि चौथ्या दिवशी फुली. तेव्हा मी साराच्या पुडीचा डबा काढला. सरोजा, म्हणजे आमची मंडळी, सहा महिन्यांची पूड एकदम करते. विचारलं, यात मिरची किती? म्हणाली, अर्धा किलो ब्याडगी, का हो? आता बघा, हिरवी मिरची वेचून टाकणारे आम्ही दोघं, पण पुडीला कधी मिरचीत धरलंच नव्हतं. आमच्या लेखी ती नुसती पूड.

मी म्हटलं, मग रोज ते मिऱ्याचंच कर. तिनं पळी खाली ठेवली. अय्यो, तुम्ही समोर धडधाकट बसलाय आणि मी रोज सुतकाचं शिजवू? शेजारची अक्का वास घेऊन विचारेल, आज कुणाचं म्हणून, तर तुमचं नाव सांगू? मी नाही करणार. ती माझ्याशी बोलेना, मी दहीभातावर राहिलो, बोटं अजून धरलेलीच, कापड तसंच पडून.

तिसऱ्या दिवशी दुकानापर्यंत हिंगाचा वास आला. जेवायला गेलो तर तेच मिऱ्याचं सार, वर तुपात मोहरी-हिंगाची खणखणीत फोडणी. म्हणाली, हिंग घातला, आता हे सुतकाचं नाही. सरी, ठीक ना?

पुढे एकेक खाऊन बघितलं. बटाटा स्वल्प चालतो, टोमॅटो नाही, मिरची तर अजिबात नाही. माझं मला, तुम्ही माझ्यावरून काही सोडू नका. लग्नाला जातो तो डबा घेऊन, लोक हसतात, कंटाळा येतो हो, चार वर्षं तीच चव. पण कात्री चालते. गेल्या महिन्यात फुल्या फक्त पाच.

अण्णांच्या तिथीला हेच सार हिंगाशिवाय होतं, फरक एका चिमटीचा. बाकीचे दिवस सरोजा ती चिमूट जरा जास्तच घालते, घास कडवट लागतो. मी वाटी पुढे करतो. घालू दे.